वासावर जाऊ नकोस

अगं, छोटीला उन्हाळी बॅचला घातलंस हे फार चांगलं केलंस. पोरीला पोहता यायलाच हवं आणि ते लहानपणीच यायला हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण काल फोनवर तू सहज बोलून गेलीस ते काही मनातून जात नाही. "ताई, सोसायटीचा टँक अगदी स्वच्छ आहे गं, गेटमधून आत शिरलं की क्लोरीनचा वास येतो." थोरली बहीण म्हणून सांगते, आणि इतकी वर्षं बायकांच्या बॅचला पोहणं शिकवत आले म्हणूनही सांगते: तो वास स्वच्छतेचा नाही. तो आला की आपण जरा थांबायचं आणि दोन-चार प्रश्न विचारायचे. कोणते, कुणाला, आणि काय उत्तर आलं म्हणजे पोरीला पाण्यात सोडायचं, ते आज सविस्तर लिहिते.

आधी त्या वासाचंच बघ. चांगल्या राखलेल्या पाण्यात क्लोरीन असलं तरी त्याचा वास फारसा जाणवत नाही. माणसं पाण्यात उतरली की त्यांच्याबरोबर घाम उतरतो, क्रीम-पावडर उतरते आणि, स्पष्टच सांगते, लघवीही उतरते. त्यातल्या अमोनिया-युरियासारख्या द्रव्यांशी क्लोरीन जुळलं की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. नाकाला झोंबतो तो वास त्यांचा. डोळे लाल होतात, घशात खवखवतं, दम्याच्या मुलांना खोकल्याची ढास लागते, ते बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच. छपराखालच्या टँकमध्ये हा त्रास जास्त, कारण क्लोरामाइन मिसळलेली हवा पाण्याच्या पृष्ठभागालगतच साचून राहते आणि पोहणारं पोर नेमकी तीच ओढून घेतं. छोटी लाल डोळे घेऊन आली की तू म्हणतेस, आज क्लोरीन जास्त झालं वाटतं. पुष्कळदा उलटंच असतं. कामाचं क्लोरीन संपत आलेलं असतं आणि उरलेलं घाणीला बांधलं गेलेलं असतं.

म्हणून नाकावर किंवा फरशीच्या निळ्या रंगावर विसंबायचं नाही. आकडे विचारायचे. तुला दोनच आकडे पाठ असले तरी पुरे: मोकळं, म्हणजे घाणीला न बांधलेलं, क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८. पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात तितके मिलिग्रॅम, एवढंच समज.

क्लोरीन लोकांना माहीत असतं, पीएचकडे मात्र कुणी बघत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पाण्यात गेल्यावर क्लोरीन दोन रूपांत राहतं. एक हायपोक्लोरस ॲसिड. जंतू मारतं ते हेच. दुसरं हायपोक्लोराइट, त्याच्यात तेवढा दम नसतो. कोणतं रूप किती, हे पीएच ठरवतो. पीएच ७.५ असला तर निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं. तोच ८ वर गेला की जेमतेम पाव उरतं. म्हणजे वहीत क्लोरीन २ लिहिलंय, सगळे निर्धास्त आहेत, आणि पाण्यात लढायला माणूसबळ मात्र पावच. उलट पीएच फार खाली गेला तर पाणी आम्लधर्मी होतं. डोळे चुरचुरतात, पाइप आणि फिल्टरचं धातूकाम खाल्लं जातं, आणि अशा पाण्यात महिनोन्‌महिने सराव करणाऱ्यांच्या दातांचं कवचही झिजतं. आपल्या डोळ्यांतल्या पाण्याचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. टँकचा आकडा तिथे राखला की डोळ्यांनाही बरं आणि क्लोरीनलाही.

आता टाकायचं किती? हा हिशोब तुला जमेल, बारावीपर्यंत सायन्सला होतीस. टँकची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घे, गुणाकार कर, हजाराने गुण. १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल टँक म्हणजे १,२६,००० लिटर पाणी. एक लाख लिटर पाण्यात क्लोरीन १ पीपीएमनं वाढवायला लागतं शंभर ग्रॅम. ९० टक्के क्लोरीनची टीसीसीए पावडर असेल तर ११० ग्रॅमच्या आसपास. १० टक्क्यांचं द्रव सोडियम हायपो असेल तर साधारण लिटरभर. बघ, किती थोडं! माणसं उतरली की ते खर्च होतं, उन्हानं उडतं, म्हणून दिवसातून पुन्हापुन्हा द्यावं लागतं हे खरं. पण "आज दोन डबे मारले मॅडम" या उत्तराला काही अर्थ नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. डबा मोजमाप नव्हे. आधी पाणी तपासायचं, मग हिशोब करायचा, मग वजन करून टाकायचं.

टीसीसीए पावडर तुमच्याकडे असेलच, बहुतेक सोसायट्यांत तीच असते. तिची एक खोड सांगून ठेवते. तिच्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. नुसतं द्रव हायपो टाकलेलं पाणी भर दुपारी उघड्यावर राहिलं तर काही तासांत त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं, तसं याचं होत नाही. पण क्लोरीन खर्च झालं तरी सायन्युरिक ॲसिड तसंच मागे राहतं आणि महिन्यामागून महिने साचत जातं. ते फार साचलं की क्लोरीनचा आकडा छान दिसतो, जंतू मारण्याचं काम मात्र मंदावतं. म्हणूनच ही पावडर वापरणाऱ्या टँकमध्ये क्लोरीन २ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. साचलेलं ॲसिड काढायचा साधा उपाय एकच, थोडं पाणी सोडून द्यायचं आणि नवं भरायचं. पाणीटंचाईच्या दिवसांत ते जिवावर येतं. म्हणून आधीपासूनच पावडर आणि द्रव हायपो आलटून पालटून, वेगवेगळ्या दिवशी वापरणं शहाणपणाचं. वेगवेगळ्या दिवशी. हे शब्द विसरू नकोस, त्याचं कारण पुढे येतंय.

आणि तुमच्या शेजारच्या कॉम्प्लेक्सवाले "आमचा सॉल्ट वॉटर पूल, केमिकलच नाही" म्हणतात ना, तेही तितकंसं खरं नाही. तिथे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागच्या जागी क्लोरीनच तयार करतात. पाणी अंगाला मऊ लागतं, हे खरं. पण आकडे तिथेही तेच, आणि तपासणीही तीच.

एकदा सकाळी छोटीच्या बॅचआधी जाऊन तपासणी स्वतः बघ. नमुना वरच्यावर ओंजळीनं घ्यायचा नसतो. पाणी जिथून टँकमध्ये सोडलं जातं त्या तोंडापासून लांब उभं राहायचं, छोटी काचेची नळी उपडी धरून कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि तिथे ती सुलटी करून भरायची. रेघेपर्यंतच पाणी ठेवायचं. मग क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी बोट न लावता त्यात टाकायची आणि चुरडायची. पाण्याला गुलाबी रंग चढतो. शेजारच्या रंगपट्टीशी तो लावून आकडा वाचायचा. दुसऱ्या नळीत लाल-पिवळा होणारा पीएचचा रंग. पाच मिनिटांचं काम आहे. कधी असं होतं की गोळी टाकल्यावर क्षणभर गुलाबी झाक दिसते आणि पाणी पुन्हा पांढरं पडतं. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो आणखी पावडर ओततो. प्रत्यक्षात क्लोरीन इतकं जास्त असतं की ते रंगच खाऊन टाकतं. अशा वेळी नमुन्यात क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा तपासायचं, आणि तोवर कुणालाही आत सोडायचं नाही.

तुमच्याकडे पिवळा रंग येणारं किट असलं तर ते ओटीचं. गावाकडे ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्याला करतात ती ओटी टेस्ट हीच. क्लोरीन आहे की नाही एवढं बघायला ती बरी. पण ती एकूण क्लोरीन दाखवते. त्यातलं मोकळं किती आणि घाणीला बांधलेलं किती, ते सांगत नाही. टँकला आपल्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून डीपीडीचाच आग्रह धर. एकूणमधून मोकळं वजा केलं की बांधलेलं उरतं, ते ०.४ पीपीएमच्या वर गेलं तर समजायचं की त्या वासाची वेळ जवळ आली. मग रात्री टँक रिकामा असताना जास्तीचा डोस देऊन ती संयुगं फोडावी लागतात, आणि सकाळी आकडा खाली आल्याची खात्री झाल्यावरच दार उघडायचं.

रसायनं एकमेकांच्या मुळावर उठतात, हे सगळ्या जगानं रिओच्या ऑलिम्पिकमध्ये पाहिलं. २०१६ चा ऑगस्ट. डायव्हिंगचा तलाव हिरवागार झाला, पाठोपाठ शेजारचाही हिरवट दिसू लागला. नंतर आयोजकांनी सांगितलं की पाण्यात १६० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं होतं. तेही स्वच्छतेलाच वापरतात, पण ते क्लोरीनला निष्प्रभ करतं. क्लोरीन गेलं आणि पाणी शेवाळाला मोकळं मिळालं. पुढे दुसऱ्या तलावातलं लाखो लिटर पाणी उपसून नवं भरावं लागलं. जिथे पैशाला आणि जाणकारांना तोटा नव्हता तिथे हे झालं. तुमच्या पंपरूममध्ये कुणीतरी उदार मनानं "हे पण टाकून बघू" म्हटलं तर काय होईल, त्याचा विचार कर.

आता आपल्या बाजूचं. पाणी बिघडवायला आपणच हातभार लावतो, आणि यात बायकांनाच समजावून सांगावं लागतं, कारण पोरांना तयार करून पाठवतो आपण. केस खराब होऊ नयेत म्हणून छोटीच्या डोक्यावर खोबरेल थापतेस ना? ते पोहायच्या आधी नको. तेल पाण्यावर तरंगतं, टँकच्या कडेला चिकट काळी रेघ धरते आणि क्लोरीन खातं. त्याऐवजी केस साध्या पाण्यानं चिंब कर आणि वर टोपी घाल. आधीच पाणी प्यायलेला केस टँकचं पाणी कमी ओढून घेतो. तेल रात्री लाव, हवं तितकं लाव. अंगाला पावडर, क्रीम, अत्तर नको. आणि उतरण्याआधी शॉवर, पायावर पाणी उडवून पळणं नव्हे, मिनिटभर सगळं अंग चोळून. त्या एका मिनिटात घाम आणि मळ बराचसा निघून जातो, आणि टँकचं क्लोरीन जंतूंसाठी शिल्लक राहतं.

लघवीचं मुलांना लाजवून सांगू नकोस, समजावून सांग. तासाभरानं बाहेर काढ, जाऊन ये म्हण, परत उतरव. आणि पोट बिघडलं असेल तर टँक बंद म्हणजे बंद. फी भरलीय, बॅच बुडेल, परवा टेस्ट आहे, काही ऐकायचं नाही. क्लोरीन आणि पीएच बरोबर असेल तर पोट बिघडवणारे पुष्कळसे जीवाणू मिनिटभरातच मरतात, हे खरं. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याच्याभोवती इतकं चिवट कवच असतं की नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो आठवड्यापेक्षा जास्त जगतो. एका आजारी मुलाकडून तो पाण्यात आला आणि दुसऱ्यानं तेच पाणी गिळलं की संपलं. या परजीवीमुळेच जुलाब झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात जायचं नसतं. तान्ह्या मुलांचे पोहण्याचे डायपर जंतू अडवत नाहीत, हेही तुझ्या मैत्रिणीला सांग. आणि छोटीला पहिल्या दिवसापासून सवय लाव: तोंडात आलेलं पाणी थुंकायचं, गिळायचं नाही.

पाळी आली की आठवडा बुडवायची गरज नसते गं. टॅम्पॉन किंवा कप वापरून निवांत पोहता येतं. पॅड मात्र पाण्यात कामाचा नाही, तो फुगतो. कॉटनचा सलवार-कुर्ता घालून उतरणं टाळायला हवं, कारण ओला कपडा अंगाला ओढतो आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. ज्यांना अंग झाकायचं असतं त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे, पायघोळ कॉस्च्यूम मिळतात. माझ्या बॅचमधल्या कित्येक जणी तेच घालतात आणि मस्त पोहतात. घरी आल्यावर कॉस्च्यूम साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळव. क्लोरीन तसंच राहिलं तर लायक्रा सैल पडते. डोळ्यांना लेन्स असेल तर ती घालून पाण्यात जाऊ नकोस, नंबरचा गॉगल करून घे. कानात काडी घालून पाणी काढायचं नाही, मान कलती करून कान रुमालानं टिपायचा. दुखत असेल तर डॉक्टर.

आता पंपरूम. इथे मात्र लक्ष देऊन वाच, कारण पोटाचा आजार बरा होतो, इथली चूक जीव घेते.

एकदा दारातून आत डोकावून बघ. पावडरचा डबा उघडा आहे का? एकाच पत्र्याच्या चमच्यानं सगळं उपसतात का? शेजारी पीएच उतरवायचं ॲसिड ठेवलंय का? द्रव हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए पावडर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे, दोन्ही क्लोरीनचीच, दोन्ही दिसायला पांढरी. पण ती एकमेकांत मिसळली, थोडी ओल लागली, तर भडका उडतो, स्फोटही होतो. एकाचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात गेला तरी पुरे. म्हणून मघाशी म्हटलं, पावडर आणि द्रव हायपोसुद्धा वेगवेगळ्या दिवशी. आणि चमचे वेगळे, बादल्या वेगळ्या, ठेवायची जागाही वेगळी. आणखी एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून घे: आधी पाणी, मग रसायन. बादलीत पाणी घेऊन त्यात रसायन सोडायचं. रसायनावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. माणसं पाण्यात असताना हातानं काहीही टाकायचं नाही. शेवाळासाठी मोरचूद टाकत असतील तर मापात टाकतात ना, तेही विचार. तांबं जास्त झालं की पांढऱ्या केसांवर हिरवट झाक चढते, आपल्या बॅचमधल्या आजींची हीच तक्रार असते.

आणि वीज जाते तेव्हा काय करता, हा प्रश्न तर विचारच. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज जाणं नवं नाही. पंप बंद पडतो, पाणी फिरायचं थांबतं. डोस देणारी यंत्रं दुसऱ्या लाइनवर असली आणि चालूच राहिली तर पाइपात हायपो आणि ॲसिड साचून एकमेकांना भिडतात. वीज येते, पंप सुरू होतो आणि तो साचलेला वायूचा लोट थेट पोहणाऱ्यांच्या तोंडावर येतो. देशोदेशी असे अपघात झाले आहेत. उपाय अगदी सोपा आहे: पंप थांबला की सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि तो पुन्हा सुरू होऊन पाणी नीट फिरू लागल्यावरच आत सोडायचं. डोसची यंत्रं पंपाबरोबर आपोआप बंद होतील अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायची.

मोठ्या तलावांवर सिलिंडरमधला क्लोरीन वायू वापरतात तिथे तर डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीच्या तरणतलावावर क्लोरीन गळलं आणि पोहायला आलेल्या लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. देव न करो, पण कधी असा उग्र वास अंगावर आला, खोकला सुटला, तर काय करायचं ते छोटीला आजच शिकव. चप्पल, पिशवी शोधत बसायचं नाही. क्लोरीन वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत राहतो. म्हणून खाली बसायचं नाही, तळघराकडे पळायचं नाही. वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर जायचं. ओले कपडे काढून अंग-डोळे साध्या पाण्यानं भरपूर धुवायचे, १०८ ला फोन करायचा. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण फुप्फुसांना सूज कधी कधी काही तासांनी येते.

रसायनांपाठोपाठ पाणी. उतरण्याआधी खोल बाजूला उभी राहा आणि तळाची जाळी बघ. ती स्पष्ट दिसली नाही तर त्या दिवशी पोहणं नाही. गढूळ पाण्यात जंतू असतील हा भाग वेगळा, पण तळाशी गेलेलं मूलच वरून दिसत नाही. ती जाळी फुटलेली किंवा सैल असेल तर त्याहून वाईट. पंपाचा जोर तिथे इतका असतो की केस, कपडा, अंगसुद्धा खेचलं जातं. अमेरिकेत २००२ साली एक लहान मुलगी अशीच जाळीशी अडकून बुडाली आणि तिच्या नावानं २००७ मध्ये जाळ्यांचा कायदाच झाला. छोटीचे केस बांधूनच पाठव, आणि जाळीशी खेळायचं नाही हे बजाव.

बुडणारं मूल ओरडत नाही, हे नीट लक्षात ठेव. सिनेमात हात हलवतात, हाका मारतात, तसं काही होत नसतं. ते उभं राहतं, तोंड पाण्याच्या रेघेवर खालीवर होतं, नजर हरवल्यासारखी होते आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं संपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास चौथ्या हिश्शाची पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून जीवरक्षक असला तरी आयांनी आळीपाळीनं पाणी राखायचं. जिची पाळी तिनं फोन पिशवीत ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत, नजर पाण्यावर. दंडाला फुगे बांधलेत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. पाण्याखाली श्वास कोण जास्त धरतो ही शर्यत बंद करायची. आधी जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यायची उबळ उशिरा येते आणि मूल न कळताच बेशुद्ध पडतं. चांगले पोहणारेही असे गेलेत. तू स्वतः सीपीआर शिकून घे. बुडालेल्या माणसाला आधी तोंडानं श्वास द्यायचे असतात, मग छाती दाबायची, कारण त्याचा प्राणवायू संपलेला असतो.

मे महिन्यात संध्याकाळची बॅच असेल तर वळवाचं ध्यान ठेव. ढग गडगडले की सगळ्यांनी बाहेर, छपराखाली. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास पुन्हा उतरायचं नाही. सर "पाच मिनिटं राहिलीत" म्हणाले तरी तू उठून शिट्टी मारायला सांग.

सुट्टीत गावी न्याल तेव्हा मामा तिला पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतीलच. सोडू दे, आपणही तशाच शिकलो. दोर आणि मोठं माणूस बरोबर हवं, आणि पाणी किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय सूर मारू द्यायचा नाही. उन्हाळ्यात तापलेल्या, साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात मात्र उतरवू नकोस. २०२४ आणि २०२५ साली केरळात मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचे रुग्ण सापडले, मुलं दगावली. तो पाणी प्यायल्यानं बाधत नाही, नाकातून वर चढतो. असा आजार क्वचितच होतो, घाबरून जायचं कारण नाही. पण क्लोरीन नसलेलं कोमट पाणी नाकात जाऊ द्यायचं नाही, एवढी खबरदारी घ्यायलाच हवी. तुमच्या टँकमध्ये क्लोरीन का राखायचं, त्याचं हेही एक कारण.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं ज्याच्या हातात आहे तो तुमचा पूलवाला मुलगा. त्याला किती पगार देता, कुणी शिकवलंय त्याला, कधी विचारलंयस? तो उघड्या हातानं पावडर उपसतो, तोंडाला गमछा बांधतो, पायात स्लिपर. छोटीचं पाणी त्याच्या भरवशावर आहे आणि त्याचा स्वतःचा श्वास कुणाच्याच भरवशावर नाही. गमछ्यानं क्लोरीन अडत नाही गं. त्याला रबरी हातमोजे हवेत, डोळ्यांना बंद गॉगल हवा, गमबूट हवेत, वायू अडवणारा मास्क हवा, वजनकाटा हवा आणि डीपीडीचं किट हवं. चार दिवसांचं प्रशिक्षण हवं आणि त्या दिवसांचा पगार कापायचा नाही. टँकच्या निळ्या फरशीवर सोसायटी जेवढा खर्च करते त्याच्या मानानं हे काहीच नाही. आणि त्याला धमकावून प्रश्न विचारू नकोस. "दादा, आज आकडे किती आले?" असं रोज विचारलंस तर तो रोज तपासेल. कुणी विचारतंय म्हटल्यावर माणसाला आपल्या कामाची किंमत कळते.

रविवारच्या मीटिंगला जा. गप्प बसू नकोस, तू नवी आहेस म्हणून दबू नकोस. तीनच गोष्टी माग: गेटवर फळा (त्यावर रोज दोनदा क्लोरीन आणि पीएच, खाली तपासणाऱ्याचं नाव आणि वेळ), पंपरूममध्ये रसायनांची वेगळी जागा, आणि पूलवाल्यासाठी सामान व शिक्षण. कुणी म्हणेल, इतकी वर्षं काही झालं नाही. त्यांना म्हण, मग आजचा आकडा सांगा. आकडा सांगता आला तर माझी काही तक्रार नाही. नाही आला, तर फळा लागेपर्यंत छोटीची बॅच आठवडाभर लांबली तरी चालेल. पण तिचं पोहणं सोडवू नकोस. पाण्याची भीती घालून पोरगी सुरक्षित राहत नाही, पोहायला शिकली की राहते. मीटिंग झाली की मला फोन कर, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव.